खाणीच्या ढिगाऱ्याला खत घालताना

वेल्समधल्या शिशाच्या, तांब्याच्या खाणी बंद पडून कित्येक दशकं लोटली, तरी त्यांचे ढिगारे उघडेबोडकेच होते. वारा सुटला की धूळ गावात, पाऊस आला की जस्त-शिसं ओढ्यात. ही खरं तर मातीच नव्हे, दळलेला खडक. त्यात धातूंचं विष आहेच, पण नत्र, स्फुरद आणि कुजलेला पालापाचोळाही जवळजवळ नाही. विषाबरोबर उपासमारही.

पुढे लिव्हरपूल विद्यापीठात गेलेले वनस्पतिशास्त्रज्ञ अँथनी ब्रॅडशॉ यांचं लक्ष या ढिगाऱ्यांवर तग धरून असलेल्या गवताच्या चार पुंजक्यांकडे गेलं. शेजारच्या कुरणात त्याच जातीचं गवत होतं, पण ढिगाऱ्याच्या मातीत त्याची मुळंच वाढत नव्हती. नुसतं खत घालून साधं गवत लावलं तर ते उगवे आणि पुढे मरे. विष सोसणारं गवत खताविना जगे, पण खुरटलेलं. दोन्ही जुळली तेव्हाच ढिगारा झाकला गेला. यातूनच ‘मर्लिन’, ‘गोगिनान’ हे गवताचे खास वाण आले.

पण खत कुठलं, हा प्रश्न मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो, कारण इथे खत मातीतल्या विषालाही हलवतं. स्फुरद शिशाला धरून पायरोमॉर्फाइट नावाचं खनिज बनवतं. ते पाण्यात जवळपास विरघळत नाही, म्हणजे शिसं जागीच अडकतं. तेच स्फुरद आर्सेनिकच्या मातीत घाला, तर उलटं होतं. दोघांची रासायनिक ठेवण सारखी, त्यामुळे मातीच्या कणांवरची आर्सेनिकची जागा स्फुरद बळकावतं आणि आर्सेनिक मोकळं होऊन पाण्यात उतरतं. अमोनियम सल्फेटचंही तसंच. जिवाणू त्यातल्या अमोनियमचं नायट्रेट करतात तेव्हा आम्ल तयार होतं, आणि आम्लात जस्त, कॅडमियम जास्त विरघळतात. म्हणून आंबट जमिनीत आधी चुना, मग खत.

शिवाय असल्या भुसभुशीत ढिगाऱ्यात नत्र टिकत नाही, पावसाबरोबर वाहून जातं. नागपूरच्या ‘नीरी’ या राष्ट्रीय पर्यावरण संशोधन संस्थेच्या शास्त्रज्ञांनी जिल्ह्यातल्याच गुमगावच्या मँगनीज खाणीवर झाडं लावली, तेव्हा साखर कारखान्यातलं प्रेसमड, म्हणजे उसाचा रस गाळून उरलेला गाळ, घातलं. सोबत मुळांना स्फुरद मिळवून देणारी बुरशी आणि हवेतलं नत्र बांधणारे जिवाणूही दिले. पोत्यातलं खत एका पावसाळ्यात संपतं. हे जिवाणू झाडाच्या मुळांशीच राहतात.