इंजिनकामानंतरची दोषतपासणी

हेड उतरवून किंवा इंजिन पूर्ण खोलून केलेल्या कामानंतर गाडी सुरू होते, पण ओढत नाही, मिसिंग करते (एखादा सिलिंडर पेटत नाही), आयडलिंगला म्हणजे गाडी उभी असताना थरथरते किंवा ॲव्हरेज पडते. अशा वेळी कारण मोजमापाने शोधण्याची पद्धत. गॅरेजच्या बोलीत हेड, पिस्टन व रिंगांच्या कामाला ‘हाफ इंजिन’ आणि क्रँकशाफ्ट-बेअरिंगसह केलेल्या कामाला ‘फुल इंजिन’ म्हणतात. रोज चालणाऱ्या गाडीत बहुधा एखादा भाग झिजलेला असतो. नुकत्याच जोडलेल्या इंजिनात मात्र संशय आधी जोडणीवर घ्यावा लागतो. म्हणून नवा सेन्सर विकत आणण्यापूर्वी कामात काय काय सुटले होते आणि काय परत बसले, याची यादी करणे ही पहिली पायरी.

पुण्यात हे काम सहसा तीन जागी विभागलेले असते. इंजिन गॅरेजमध्ये उतरते. रिबोअर (सिलिंडरचे भोक वाढवणे), क्रँक ग्राइंडिंग आणि हेड फेसिंग (हेडचा पृष्ठभाग घासून सपाट करणे) मशीन शॉपमध्ये होते. सुटे भाग पुष्कळदा नाना पेठेतून येतात. या फेऱ्यांत मापे हरवतात. हेड किती घासले, बोअर ०.२५ मिमी वाढवला की ०.५० मिमी, गॅसकेट कोणत्या जाडीचे घातले, हे लिहून घेतलेले नसेल तर पुढची तपासणी अंदाजावर चालते.

इंजिनावर ठपका ठेवण्याआधी क्लच आणि ब्रेक पाहावेत. वरच्या गिअरमध्ये रेस दिल्यावर आरपीएम चढतो पण वेग वाढत नसेल, तर क्लच घसरतो आहे. गिअरबॉक्स उतरवताना प्लेटला ऑईल लागले की हे होते. त्यानंतर इंजिनाची अर्थिंग पट्टी. सेल्फ मारताना बॅटरीचे ऋण टोक आणि इंजिन ब्लॉक यांच्यात ०.२ व्होल्टपेक्षा बरेच जास्त आले, तर पट्टी सैल, गंजलेली किंवा लावायचीच राहिलेली असते. स्पार्क देणाऱ्या कॉइलचे कनेक्टर अदलाबदल झाले का, हेही याच पायरीत पाहावे. बहुतेक चार सिलिंडर इंजिनांचा फायरिंग क्रम १-३-४-२ असतो. पावसाळ्यात दोन-तीन महिने गाडी उभी राहिली असेल तर टाकीतल्या इथेनॉलमिश्रित पेट्रोलने ओल धरलेली असू शकते. ते काढून ताजे भरल्याखेरीज पुढचे आकडे विश्वासाचे नसतात.

यानंतरची कॉम्प्रेशन चाचणी, म्हणजे प्रत्येक सिलिंडर किती दाब धरतो हे मोजणे, या साऱ्या कामाचा कणा आहे. इंजिन गरम, सगळे प्लग काढलेले, इंजेक्टर व इग्निशन बंद, थ्रॉटल पूर्ण उघडा, बॅटरी भरलेली आणि प्रत्येक सिलिंडरला पाच-सहा दाब, अशी ती घ्यावी. थ्रॉटल बंद ठेवून घेतलेला आकडा फसवा. पेट्रोल इंजिनात साधारण १० ते १३ बार येतात. सिलिंडरांमधला फरक १०-१५ टक्क्यांच्या आत हवा. शेजारचे दोनच सिलिंडर पडले असतील तर गॅसकेट त्यांच्यामध्ये फुटते आहे. एकच पडला असेल तर प्लगच्या भोकातून चमचाभर ऑईल टाकून पुन्हा मोजावे: आकडा चढला तर रिंगा, नाही चढला तर व्हॉल्व्ह. (ही ऑईलची युक्ती डिझेल इंजिनावर करू नये.) नव्या रिंगा बसायला वेळ घेतात, त्यामुळे पहिल्या हजार किलोमीटरपर्यंत आकडा किंचित कमी असणे हा दोष नव्हे. चारही सिलिंडर सारखेच कमी असतील तर मात्र कॅमचे टायमिंग, म्हणजे व्हॉल्व्ह उघडणाऱ्या कॅमशाफ्टचा क्रँकशी मेळ, तपासावा.

क्रँक आणि कॅम यांना जोडणारा टायमिंग बेल्ट एक दात चुकला तरी बरीच इंजिने सुरू होतात, आणि म्हणूनच ही चूक निसटते. क्रँकच्या चाकाला २० दात असतील तर एक दात म्हणजे क्रँकचे १८ अंश. गाडी खालच्या आरपीएमला मेलेली वाटते, आणि क्रँक-कॅम मेळ न बसल्याचा पी ००१६ हा कोड येऊ शकतो. खुणा जुळवल्यावर इंजिन हाताने दोन पूर्ण फेरे फिरवून पुन्हा पाहाव्यात. बेल्ट ताणून धरणारा टेन्शनर आपल्या जागी बसल्यावरच खरी स्थिती दिसते. काही इंजिनांवर खुणाच नसतात, क्रँक आणि कॅम पिनांनी अडकवावे लागतात. तिथे व्हाइटनरची खूण करून बेल्ट किंवा साखळी बसवणे म्हणजे नशिबावर सोडणे.

थंड असताना सुरळीत आणि तापल्यावर मिसिंग, या तक्रारीमागे अनेकदा व्हॉल्व्ह क्लिअरन्स असतो. सीट कापली किंवा व्हॉल्व्ह घासला की व्हॉल्व्ह सीटमध्ये आत बसतो, दांडी तेवढीच वर येते आणि टॅपेटची फट कमी होते. तापल्यावर दांडी लांबते, व्हॉल्व्ह पूर्ण मिटत नाही. स्क्रूच्या टॅपेटमध्ये फट लगेच जुळवता येते; शिमच्या (ठरावीक जाडीच्या चकत्यांच्या) इंजिनात प्रत्येक फट मोजून शिम बदलावे लागतात, आणि मशीन शॉपमधून आलेले हेड न मोजता बसवले की पंधरा दिवसांत गाडी परत येते. सीएनजीच्या गाडीत दुर्लक्ष झाले तर व्हॉल्व्ह जळतो. अशा गाडीची सगळी तपासणी आधी पेट्रोलवर करावी.

हवेच्या गळतीसाठी पुण्याची उंची ध्यानात ठेवावी लागते. शहर समुद्रसपाटीपासून सुमारे ५६० मीटर उंचीवर आहे. त्यामुळे इग्निशन चालू आणि इंजिन बंद असताना मॅप सेन्सरने (मॅनिफोल्डमधला हवेचा दाब मोजणाऱ्या सेन्सरने) सुमारे ९४-९५ किलोपास्कल दाखवले तर ते बरोबर आहे. पुस्तिकेतल्या १०१ च्या आकड्याशी ताडून चांगला सेन्सर बदलला जातो. व्हॅक्यूम गेजही समुद्रकाठच्या आकड्याहून दोनेक इंच कमी दाखवतो: आयडलिंगला १५ ते १९ इंच (पाऱ्याचे) आणि काटा स्थिर असेल तर ठीक. काटा स्थिर पण फार खाली असेल तर टायमिंग मागे आहे, ठरावीक तालात झटके देत असेल तर एखादा व्हॉल्व्ह.

पुणे हे एप्रिल २०१० मध्ये बीएस-४ हा उत्सर्जनाचा निकष लागू झालेल्या पहिल्या शहरांपैकी एक आहे, म्हणून इथल्या पुष्कळ जुन्या गाड्यांनाही स्कॅनर लागतो. मात्र कोडपेक्षा चालू डेटा अधिक बोलतो. फ्युएल ट्रिम (पेट्रोलच्या मात्रेत संगणकाने केलेली दुरुस्ती) आयडलिंगला २०-२५ टक्के अधिक आणि २५०० आरपीएमला उतरत असेल, तर मॅनिफोल्डचे पॅकिंग किंवा एखादा होज गळतो आहे. उलट लोडवर ट्रिम वाढत असेल तर पेट्रोलचा दाब अपुरा. ज्या गाड्या हवा मॅप सेन्सरवरून मोजतात, त्यांत गळतीने ट्रिम फारसा हलत नाही, आयडलिंगच वर जाते. इंजिनातला ठोका ऐकणाऱ्या नॉक सेन्सरचा बोल्ट ठरलेल्या टॉर्कला, अनेक इंजिनांत सुमारे २० न्यूटन-मीटरला, कसलेला नसेल तर ईसीयूला, म्हणजे इंजिनाच्या संगणकाला, चुकीचा आवाज ऐकू येतो; तो स्पार्क मागे ओढतो आणि गाडी कोडशिवाय सुस्त राहते. बॅटरी काढल्यामुळे पुसलेली थ्रॉटलची शिकवण परत घडेपर्यंत आयडलिंग वरखाली होणे स्वाभाविक आहे.

कॉमन रेल डिझेलमध्ये (सगळ्या इंजेक्टरना एकाच उच्च दाबाच्या नळीतून डिझेल मिळते अशा इंजिनात) इंजेक्टर ज्या सिलिंडरमधून काढला त्यातच परत गेला का, आणि नवा असेल तर त्याचा कोड ईसीयूत लिहिला का, हे दोन प्रश्न पुष्कळ धूर आणि खडखडाट मिटवतात.

शेवटची चाचणी रस्त्यावर, स्कॅनर जोडून. त्याआधी कूलंटमधली हवा हीटर पूर्ण उघडून काढलेली असावी, नाहीतर चढणीवर तापमान उडी घेते. पहाटे कात्रजच्या जुन्या घाटात किंवा दिवे घाटात तिसऱ्या गिअरवर १५०० आरपीएमपासून काही सेकंद भार द्यावा. रिंगा बसण्यासाठीही असा चढउताराचा भार तासभराच्या आयडलिंगपेक्षा उपयोगाचा. या वेळी मॅप सेन्सर बाहेरच्या हवेच्या दाबाजवळ पोचत असेल आणि तरीही वेग येत नसेल, तर बंद सायलेन्सरची शंका घ्यावी. गॅसकेट फुटलेल्या काळात कूलंट आणि ऑईल कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये गेलेले असते, आणि इंजिन नवे झाले तरी तो कन्व्हर्टर जुनाच राहिलेला असतो.