लोरेन्झोचं तेल माहितीये, पण त्याचं घर?

लोरेन्झो ओडोनेची गोष्ट आपल्याकडे बहुतेकांना १९९२ च्या 'लोरेन्झोज ऑइल' या हॉलिवूडच्या सिनेमामुळे माहितीये. डॉक्टरांनी हात टेकलेले, आणि ज्यांचा मेडिकलशी काडीचा संबंध नाही असे आईबाप लायब्ररीत बसून पोराच्या आजारावर तेल शोधून काढतात. गोष्ट खरीच आहे. पण सिनेमा आला त्यानंतर लोरेन्झो अजून जवळजवळ सोळा वर्षं जगला, तेही घरी, आणि त्या सोळा वर्षांबद्दल फारसं कोणी बोलतच नाही. माझं स्पष्ट मत आहे की त्या मुलाला तेलापेक्षा त्या घराने जास्त जगवलं, म्हणून हे जरा सविस्तर लिहितोय.

आधी आजार काय ते. अ‍ॅड्रिनोल्युकोडिस्ट्रॉफी, थोडक्यात एएलडी. अगदी लांब साखळीची फॅटी अ‍ॅसिड्स मोडण्याचं जे काम पेशीत व्हायला हवं ते होत नाही, ती रक्तात आणि शरीरात साठत जातात आणि मेंदूतल्या नसांवरचं मायलिनचं आवरण नष्ट व्हायला लागतं, वायरवरचं प्लॅस्टिक जळून गेल्यावर जे होईल तसंच. किडनीवर बसलेल्या अ‍ॅड्रिनल ग्रंथीही निकामी होतात. दोष एक्स क्रोमोसोमवर आहे त्यामुळे मुलग्यांना जास्त फटका बसतो, आणि मेंदूवर हल्ला होणारा प्रकार साधारण चार ते दहा वर्षांच्या मुलग्यांमध्ये दिसतो, म्हणजे तोपर्यंत पोर एकदम नॉर्मल, शाळेत जातंय, खेळतंय, बडबडतंय. १९२३ मध्ये जर्मनीतल्या दोन डॉक्टरांनी अशा मुलाची केस लिहून ठेवली होती, पण नेमकं काय साठतंय हे कळायला १९७६ उजाडलं आणि साध्या रक्तावरून निदान करता यायला १९८१. ती टेस्ट बाल्टिमोरच्या डॉ. ह्यूगो मोझर यांच्या टीमची. म्हणजे लोरेन्झो आजारी पडला तेव्हा ही टेस्ट येऊन जेमतेम तीन वर्षं झाली होती.

लोरेन्झोचा जन्म मे १९७८ चा. वडील ऑगस्टो इटालियन, वर्ल्ड बँकेत अर्थतज्ज्ञ, आई मिकेला अमेरिकन, भाषांची अभ्यासक. वडिलांच्या पोस्टिंगमुळे कुटुंब आफ्रिकेजवळच्या कोमोरो बेटांवर राहून आलेलं आणि मुलगा इंग्लिश, फ्रेंच, इटालियन तिन्ही बोलायचा. अमेरिकेत परतल्यावर शाळेतून तक्रारी सुरू झाल्या, चिडतो, लक्ष देत नाही, मग ऐकू कमी येतंय की काय अशी शंका, मग पडायला लागला, बोलणं अडखळायला लागलं. एप्रिल १९८४ मध्ये निदान झालं. डॉक्टरांनी साधारण दोन वर्षं दिली होती. त्यानंतर काही महिन्यांतच चालणं गेलं, बोलणं गेलं, नजर गेली, गिळणं गेलं. ज्यांनी घरात असं काही पाहिलंय त्यांना माहितीये की यात सगळ्यात भयंकर असतो तो वेग, कालपर्यंत जे जमत होतं ते आज जमत नाही आणि तुम्ही एका गोष्टीची सवय करून घेईपर्यंत पुढची गेलेली असते.

आता त्या काळात अशा मुलाला घरी ठेवायचं म्हणजे काय होतं हे बघायला पाहिजे, कारण तेव्हा ही गोष्ट अजिबात सरळ नव्हती. अमेरिकेत गंभीर मुलाचा मेडिकेडचा सरकारी पैसा बहुतेक वेळा हॉस्पिटलमध्ये असेल तरच मिळायचा. हे बदललं ते आयोवा राज्यातल्या केटी बेकेट नावाच्या मुलीमुळे, ती पण १९७८ चीच, लोरेन्झोच्याच वयाची. तिचा आजार वेगळा होता, पाच महिन्यांची असताना व्हायरल एन्सेफलायटिस होऊन लकवा झाला, व्हेंटिलेटर लागायचा. तीन वर्षांची होईपर्यंत ती घरी जाण्याइतकी बरी झाली होती आणि घरी ठेवायला हॉस्पिटलपेक्षा खर्चही बराच कमी येणार होता, पण घरी नेलं की मदत बंद! नोव्हेंबर १९८१ मध्ये प्रेसिडेंट रेगन यांनी पत्रकार परिषदेत हा प्रकार सांगितला आणि ती त्या ख्रिसमसला घरी गेली. १९८२ च्या कायद्यात मग राज्यांना अशी सोय देता यायला लागली की मुलाला लागणारी काळजी हॉस्पिटलच्या पातळीची असेल तर आईबापांचं उत्पन्न न धरता त्याला घरी मदत मिळावी. आजही अमेरिकेत त्याला केटी बेकेटचंच नाव आहे. केटी स्वतः २०१२ मध्ये चौतिसाव्या वर्षी गेली, मधल्या काळात शिकली, अपंगांच्या हक्कांसाठी बोलली.

त्याच सुमारास इंग्लंडमध्ये ऑक्सफर्डला दुसरी गोष्ट घडली. हेलन नावाच्या छोट्या मुलीला ब्रेन ट्यूमरच्या ऑपरेशननंतर मेंदूला कायमची इजा झाली होती, आईवडील तिला घरी सांभाळत होते, आणि सिस्टर फ्रान्सिस डॉमिनिका या ननने त्यांना एवढंच विचारलं की मी हिला मधून मधून माझ्याकडे ठेवून घेऊ का, तुम्हाला जरा विश्रांती मिळेल. त्यातून नोव्हेंबर १९८२ मध्ये हेलन हाउस सुरू झालं, जगातलं पहिलं लहान मुलांचं हॉस्पिस (बरे न होणारे आजार असलेल्यांची काळजी घेणारी जागा) म्हणून ते ओळखलं जातं. मला ही गोष्ट फार मोठी वाटते, कारण तिथे पहिल्यांदा कोणीतरी पेशंटबरोबर उशाशी बसलेल्या माणसाकडेही बघितलं. आठ-दहा दिवस आईला नीट झोप मिळाली तर ती पुढचे सहा महिने काढू शकते, हे आजारपण काढलेल्या कोणत्याही बाईला विचारा.

तर अशा काळात ओडोने दांपत्याने मुलाला व्हर्जिनियात फेअरफॅक्सच्या घरी ठेवायचं ठरवलं. हे सोपं नव्हतं आणि त्यांच्याकडे चांगली नोकरी आणि ओळखीपाळखी होत्या हे विसरून चालणार नाही, साध्या घरातल्या आईबापांना हे जमलंच असतं असं नाही. घरी चोवीस तास नर्सेस. मिकेलाने सगळं आयुष्य त्या पलंगाभोवती बांधून घेतलं. कोमोरोतल्या ओळखीचा उमूरी हसन हा तरुण लोरेन्झोचा मित्र होता, तो अमेरिकेत येऊन त्याच्या देखभालीला राहिला आणि शेवटपर्यंत साथ दिली. मुलाला ऐकू येतंय, कळतंय या विश्वासाने आई त्याला गोष्टी वाचून दाखवायची, संगीत लावायची. पुढे लोरेन्झो पापण्या मिटून आणि बोटं हलवून हो-नाही सांगायला लागला. लोक तिला वेडी म्हणायचे, याला काय अर्थ आहे, कशाला ओढताय त्याला असंही ऐकवायचे, त्यात अशाच मुलांचे आईबापही होते. त्यांचंही चुकीचं होतं असं मी म्हणणार नाही, प्रत्येक घराची सहनशक्ती वेगळी.

गिळता न येणाऱ्या मुलाला घरी सांभाळणं म्हणजे काय ते जरा जवळून सांगतो, कारण सिनेमात दोन मिनिटांत उरकतं ते. तोंडात लाळ साठते, ती घशात मागे गेली की ठसका आणि श्वासनळीत उतरली की न्यूमोनिया, त्यामुळे सक्शन मशीन उशाशीच, घशात घरघर ऐकू आली की बारीक ट्यूब घालून लाळ ओढून काढायची, दिवसा आणि रात्रीसुद्धा, आणि रात्री ती घरघर झोपेत ऐकू यायला पाहिजे म्हणजे झोप अशी लागतच नाही. जेवण नळीतून, डोकं उंच ठेवूनच, हळूहळू, आणि फीड झाल्यावर लगेच आडवं करायचं नाही. दर दोन तासांनी कूस बदलायची नाहीतर बेडसोअर. हातपाय आखडू नयेत म्हणून व्यायाम. आणि मूल वाढतं! सहा वर्षांचं पोर उचलणं वेगळं आणि वीस वर्षांचा माणूस उचलणं वेगळं, आईबाप मात्र तेवढ्याच वर्षांनी म्हातारे झालेले असतात.

तेलाची गोष्ट या सगळ्याच्या मधे घडली. ऑगस्टो आणि मिकेला संशोधनाचे पेपर शोधत बसले, जगभरातल्या शास्त्रज्ञांना एकत्र आणायला पदरचे पैसे घातले. आधी ओलिक अ‍ॅसिडचं तेल दिलं, त्याने थोडा फरक पडला, मग ओलिक आणि इरुसिक अ‍ॅसिडच्या तेलांचं चारास एक मिश्रण. इरुसिकचं शुद्ध तेल इंग्लंडमधल्या हल शहरात क्रोडा कंपनीतले वयस्कर केमिस्ट डॉन सडाबी यांनी बनवून दिलं. मिकेलाच्या बहिणीने, जी स्वतः कॅरियर होती म्हणजे तिच्या जीनमध्येही तो दोष होता, ते आधी घेऊन बघितलं. ही लांब साखळीची फॅटी अ‍ॅसिड्स शरीर स्वतः बनवतं, आणि ती बनवणाऱ्या एन्झाइमला या तेलाने दुसरंच काम लागतं, त्यामुळे रक्तातली पातळी काही आठवड्यांत नॉर्मलला आली. (मोहरीच्या तेलात इरुसिक अ‍ॅसिड भरपूर असतं हे खरं, पण म्हणून कोणी मुलाला मोहरीचं तेल पाजायच्या फंदात पडू नका. हे शुद्ध करून ठरलेल्या मापात, कडक आहाराबरोबर आणि रक्त तपासत द्यायचं मिश्रण आहे, त्याने प्लेटलेट्स कमी होऊ शकतात.)

पण रक्त नॉर्मल झालं म्हणून मेंदू बरा झाला नाही. ज्यांना लक्षणं सुरू झाली होती त्यांच्यात तेलाने आजार थांबला नाही, १९९३ मध्ये फ्रान्समधल्या अभ्यासात मोठ्या माणसांच्या प्रकारातही फायदा दिसला नाही, सिनेमा बघून आशा लावून बसलेल्या किती घरांचा त्यात चुराडा झाला असेल. २००५ मध्ये मोझर यांनी लक्षणं नसलेल्या ८९ मुलग्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला, त्यात ज्यांची पातळी नीट खाली राहिली त्यांना आजार होण्याचा धोका कमी दिसला. तुलनेसाठी वेगळा गट नव्हता त्यामुळे वाद अजून मिटलेला नाही. लोरेन्झोचं जे गेलं होतं ते परत आलं नाही. तरी तो जगला, दोन वर्षं सांगितली होती तिथे चोवीस, आणि मला म्हणायचंय ते हेच, की ज्या मुलाला अ‍ॅस्पिरेशन न्यूमोनिया, म्हणजे लाळ श्वासनळीत उतरून होणारा, एका रात्रीत नेऊ शकतो त्याला इतकी वर्षं त्यापासून वाचवणारी गोष्ट म्हणजे रोजची सेवा.

मिकेला २००० मध्ये फुफ्फुसाच्या कॅन्सरने गेली. त्यानंतरही ऑगस्टो, उमूरी आणि नर्सेस यांनी तेच सगळं चालू ठेवलं. लोरेन्झो ३० मे २००८ ला, तिसाव्या वाढदिवसाच्या दुसऱ्या दिवशी, अ‍ॅस्पिरेशन न्यूमोनियानेच गेला. ऑगस्टो नंतर इटलीला परत गेले आणि २०१३ मध्ये ऐंशीव्या वर्षी वारले. १९८९ मध्ये सुरू केलेल्या मायलिन प्रोजेक्टमधून त्यांनी संशोधनाला पैसा उभा केला होता.

दरम्यान वैद्यकाची गाडी बरीच पुढे गेली. १९९० मध्ये बोन मॅरो ट्रान्सप्लांट लवकर केलं तर आजार थांबतो हे दिसलं, १९९३ मध्ये जीन सापडला, २००९ मध्ये जीन थेरपीचे पहिले निकाल आले आणि २०२२ मध्ये अमेरिकेत तिला मान्यता मिळाली, किंमत तीस लाख डॉलर, आणि काही मुलांना त्यातून ब्लड कॅन्सर झाला म्हणून तिथेही आता फार सावधपणे वापरतात. या सगळ्यात एक अट कायम आहे, लक्षणं वाढायच्या आत पकडायला हवं. म्हणून न्यूयॉर्क राज्याने २०१३ च्या शेवटी जन्मल्या जन्मल्या तपासणी सुरू केली आणि २०१६ मध्ये ती अमेरिकेच्या शिफारस केलेल्या यादीत गेली.

आपल्याकडे २०२१ च्या दुर्मिळ आजारांच्या धोरणात एएलडी आहे, पण सुरुवातीच्या टप्प्यातला, म्हणजे ट्रान्सप्लांटचा उपयोग होईल असा. मदतीची मर्यादा २०२२ मध्ये पन्नास लाखांपर्यंत वाढवली, मुंबईचं केईएम त्यातल्या केंद्रांपैकी एक आहे. ही चांगली गोष्ट आहे, पण हा पैसा एकदाच्या उपचारासाठी. ज्याचा तो टप्पा निघून गेलाय त्याच्या घरात पुढची दहा वर्षं सक्शन, डायपर, फिजिओ, ब्यूरोच्या मावशींचा पगार कशातून येणार? २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याच्या कलम २४ मध्ये जास्त आधार लागणाऱ्यांसाठी केअरगिव्हर भत्त्याचा उल्लेख आहे, पण किती घरांत तो खरंच पोचतो? १९८६ पासून वांद्र्याला शांती आवेदना सदन आहे पण ते कॅन्सरच्या पेशंटसाठी, आणि मुलांच्या पॅलिएटिव्ह केअरचा (आजार बरा होत नसला तरी त्रास कमी करणाऱ्या काळजीचा) २०१० च्या सुमारास महाराष्ट्रात जो प्रकल्प झाला त्यात जव्हारसारख्या आदिवासी भागात काम सुरू झालं होतं, तसं गावोगाव व्हायला हवं होतं. सध्या आपल्याकडचं हॉस्पिस म्हणजे आजी, नाहीतर नोकरी सोडलेली आई.

आणि त्या आईलाच वर ऐकून घ्यावं लागतं, तुझ्या माहेरचा दोष म्हणून. दोष आईकडून येऊ शकतो हे खरं, पण तिला ते माहीत नसतं आणि काही मुलांमध्ये तो नव्यानेच झालेला असतो. हे ज्या घरात चाललंय तिथल्या कोणीतरी एकाने तरी ते थांबवा. ती चर्चा करण्यापेक्षा त्या बाईच्या बहिणी आणि भाच्यांची तपासणी करून घ्या, कारण लक्षणं नसलेल्या भाच्यासाठी अजून वेळ असतो. मुलग्याला अ‍ॅडिसन्सचं निदान झालं असेल, म्हणजे अ‍ॅड्रिनल ग्रंथी काम करत नाहीयेत आणि कारण सापडत नाहीये, तर डॉक्टरांना व्हीएलसीएफए, म्हणजे त्याच अगदी लांब साखळीच्या फॅटी अ‍ॅसिड्सची, रक्ताची टेस्ट करायला सांगा. मेंदूची लक्षणं यायच्या कितीतरी आधी आजार तिथे दिसू शकतो.