डॉटर्स ऑफ चॅरिटी

कॅथलिक स्त्रियांचा सेवाव्रती संघ. स्थापना पॅरिस येथे, २९ नोव्हेंबर १६३३. संस्थापक संत व्हिन्सेंट डी पॉल आणि संत लुईज द मारियाक; दोघांचाही मृत्यू १६६० सालचा. लोक या धर्मभगिनींना सर्रास ‘नन’ म्हणतात, पण चर्चच्या कायद्याप्रमाणे त्या नन नव्हेत, आणि हे मुद्दाम तसे ठेवलेले आहे.

संघाचे मूळ शातियों या फ्रेंच गावातले. १६१७ च्या ऑगस्टमध्ये एका रविवारी व्हिन्सेंट यांनी प्रवचनात गावाबाहेरचे एक अख्खे कुटुंब आजारी पडल्याचे सांगितले. त्या दुपारी तिकडे लोकांची रीघ लागली. एका दिवसात इतके अन्न जमले की बरेचसे नासणार, आणि चार दिवसांनी घर पुन्हा उपाशी. दया होती, पाळ्या नव्हत्या. म्हणून गावातल्या बायकांचे मंडळ काढून एकेकीला एकेक दिवस नेमून दिला. मंडळाची नियमावली वाचण्यासारखी आहे. पैशांच्या पेटीला दोन वेगवेगळी कुलपे, किल्ल्या दोघींकडे. दुपारच्या जेवणाला रोग्याला लागेल तेवढा पाव, सूप, पाच औंस (सुमारे १५० ग्रॅम) वासराचे किंवा मेंढीचे मांस आणि थोडी वाइन. मांसवर्ज्य दिवशी मांसाऐवजी दोन अंडी व लोणी. वाढण्याचा क्रमही ठरलेला: ज्याच्यापाशी घरचे कोणी आहे त्याच्यापासून सुरुवात, एकट्या रोग्याकडे शेवटी, म्हणजे त्याच्याजवळ जास्त वेळ बसता येते.

पॅरिसमध्ये हीच पद्धत अडखळली. मंडळातल्या खानदानी स्त्रिया पैसा देत, पण सुपाचे भांडे उचलून अंधाऱ्या जिन्यांनी वर चढायची वेळ आली की मोलकरणींना पाठवत. मोलकरणी हुकूम म्हणून जात; रोग्याची हेळसांड होई. याला उत्तर मिळाले ते खेड्यातल्या मुलींमधून. सुरेन गावची मार्गेरित नासो गुरे राखता राखता, येणाऱ्या-जाणाऱ्याला अक्षरे विचारून वाचायला शिकली होती आणि पुढे इतर मुलींना शिकवत होती. ती स्वतःहून या कामाला आली. प्लेगच्या एका रुग्ण स्त्रीला तिने आपल्या अंथरुणात जागा दिली आणि १६३३ मध्ये त्याच रोगाने ती गेली. त्याच वर्षी लुईज यांनी अशा मोजक्या मुलींना आपल्या घरी ठेवून शिकवायला सुरुवात केली.

खरी अडचण कायद्याची होती. कॅथलिक चर्चच्या ट्रेंट धर्मपरिषदेनंतर (१५६३) व्रतस्थ स्त्रियांना मठाचा उंबरठा ओलांडायची बंदी अधिक कडक झाली. संत फ्रान्सिस डी सेल्स यांच्या व्हिजिटेशन या स्त्रियांच्या संघालाही अखेर मठबंदी पत्करावी लागली. मठाबाहेरची सेवा चालू राहावी म्हणून व्हिन्सेंट यांनी ही अडचण व्रतांपाशीच टाळली. त्यांच्या भगिनी जाहीर आजन्म व्रते घेतच नाहीत. ब्रह्मचर्य, दारिद्र्य, आज्ञापालन आणि गरिबांची सेवा ही चार व्रते फक्त एका वर्षासाठी असतात आणि दरवर्षी २५ मार्चच्या सुमारास, मरियेला देवदूताने दिलेल्या निरोपाच्या सणाला, नव्याने घेतली जातात. नको असेल तिने नूतनीकरण करू नये. लुईज आणि चौघींनी पहिली व्रते १६४२ मध्ये घेतली. भाड्याची खोली हीच कोठडी, धर्मग्रामाचे (पॅरिशचे) देऊळ हेच प्रार्थनागृह आणि शहरातले रस्ते हेच मठाचे आवार, असे व्हिन्सेंट त्यांना सांगत.

कामाचा व्याप झपाट्याने वाढला: १६३८ पासून टाकून दिलेली अर्भके, मग आंजे या फ्रेंच शहरातले रुग्णालय, गलबतांवर वल्ही मारायची शिक्षा झालेले कैदी, १६५२ मध्ये पोलंड. शिक्षणाचे काम त्या मानाने लहान, पण सुरुवातीपासूनचे. १६४१ मध्ये लुईज यांनी गरीब मुलींच्या शाळेसाठी रीतसर परवानगी मागितली. त्या काळी अशा शाळांत मुलगे-मुली एकत्र बसवायला मनाई होती.

पोशाख खेडवळ बायकांचा, करड्या जाड्याभरड्या कापडाचा. उद्देश हा की गर्दीत वेगळे दिसू नये. डोक्यावरचे पांढरे फडके मात्र पुढे खळ घालून पंखांसारखे ताठ होत गेले आणि शंभर पावलांवरूनही ओळखू येऊ लागले. ते २० सप्टेंबर १९६४ रोजी उतरवण्यात आले.

वसई, मुंबई वा गोव्याच्या धर्मग्रामांत आढळणारी ‘सेंट व्हिन्सेंट डी पॉल सोसायटी’ ही संस्था वेगळी. ती १८३३ मध्ये फ्रेडरिक ओझानाम आणि त्यांच्या सोबत्यांनी पॅरिसमध्ये काढलेली, प्रापंचिकांची. गरिबांच्या घरी कसे जायचे हे मात्र त्या तरुणांना दाखवले ते याच संघाच्या सिस्टर रोझाली रांद्यू यांनी.