लुईझियानाची फ्रेंच 'मोडकी' नाही

अमेरिकेच्या लुईझियाना राज्यात बायू, म्हणजे संथ, जेमतेम हलणारे ओढे, पुष्कळ. बायू टेश आणि बायू फ्युझेलिए मिळतात तिथे आर्नोव्हिल हे छोटं गाव आहे. इथल्या म्हाताऱ्यांची फ्रेंच 'मोडकी' आहे, असा समज पिढ्यान् पिढ्या चालत आलाय. खुद्द बोलणाऱ्यांनीही तो खरा मानला, हे जास्त वाईट.

समज चुकीचा आहे. इथे कोळंबीला 'शव्रेत' म्हणतात, पॅरिससारखं 'क्रव्हेत' नाही. 'आत्ता' म्हणजे 'आस्तेर'. या चुका नव्हेत, फ्रान्समधलेच जुने शब्द आहेत. मोटारीला 'शार' म्हणतात. मूळ अर्थ गाडा. (आपणही मोटारीला गाडीच म्हणतो की!) शेजारची क्रिओल (फ्रेंच आणि आफ्रिकी भाषांच्या मिसळीतून घडलेली बोली), कुरी-व्हिनी, तर स्वतंत्र भाषाच.

मग 'मोडकी'चा शिक्का आला कुठून? बराचसा शाळेतून. लुईझियानाच्या स्वतःच्या १९२१ च्या राज्यघटनेने शाळांत फक्त इंग्रजी ठेवली. फ्रेंच बोललं की मुलांना शिक्षा व्हायची. १९६८ मध्ये राज्याने फ्रेंचसाठी कोडोफिल ही संस्था काढली, पण तोवर कितीतरी आईबापांनी मुलांशी फ्रेंच बोलणं सोडलं होतं. आर्नोव्हिलच्या 'नुनु' कलाकेंद्रात मात्र चित्रं, संगीत आणि फ्रेंच गप्पा एकत्रच रंगतात.