गोरिला आणि दरवाजा: न दिसणे आणि बदल न उमगणे यांतील फरक

पाहणे आणि दिसणे यांसाठी मराठीत दोन वेगळी क्रियापदे आहेत, आणि त्यांचे व्याकरणही वेगळे आहे. 'मी पाहिले' या वाक्यात मी कर्ता असतो; 'मला दिसले' या वाक्यात मी केवळ अनुभव घेणारा असतो. 'पाहिलं होतं, पण दिसलं नाही' असे आपण घरात सहज म्हणून जातो आणि त्यात कोणाला विसंगती वाटत नाही. अमेरिकी बोधविज्ञानी डॅनियल सायमन्स यांच्या संशोधनाचा मोठा भाग या दोन क्रियापदांमधल्या अंतराविषयी आहे. १९९७ मध्ये कॉर्नेल विद्यापीठातून त्यांनी पीएच. डी. केली, त्यानंतर काही वर्षे हार्वर्डमध्ये अध्यापन केले आणि २००२ पासून ते इलिनॉय विद्यापीठाच्या अर्बाना-शॅम्पेन येथील विभागात आहेत. त्यांचे दोन प्रयोग जगभर सांगितले जातात, पण ते इतक्या वेळा एकापाठोपाठ सांगितले जातात की एकाचे स्पष्टीकरण सर्रास दुसऱ्याला चिकटवले जाते. पहिल्या प्रयोगातील घटनेला इंग्रजीत 'इनअटेन्शनल ब्लाइंडनेस' म्हणतात, दुसऱ्यातील घटनेला 'चेंज ब्लाइंडनेस'. मी त्यांना अनुक्रमे अनवधान-अंधता आणि बदल-अंधता म्हणेन. 'अंधता' हा शब्द मला दोन्हीकडे खटकतो, कारण दोन्ही ठिकाणी डोळे अगदी निरोगी असतात. परंतु संज्ञा आता रूढ आहेत.

आधी गोरिला. सायमन्स आणि क्रिस्टोफर शाब्री यांनी हार्वर्डमध्ये लिफ्टसमोरच्या मोकळ्या जागेत छोटी चित्रफीत तयार केली. तिच्यात तीन खेळाडू पांढऱ्या सदऱ्यात आणि तीन काळ्या सदऱ्यात आहेत, आणि प्रत्येक चमू आपापसांत बास्केटबॉल फेकत आहे. पाहणाऱ्याने एका चमूचे पास मोजायचे असतात. मध्येच गोरिलाचा पोशाख घातलेली एक व्यक्ती एका बाजूने येते, खेळाडूंमधून चालत जाते आणि दुसऱ्या बाजूने बाहेर पडते. काही चित्रफितींत गोरिलाऐवजी छत्री घेतलेली एक स्त्री होती. ती कल्पना मानसशास्त्रज्ञ उलरिक नायसर यांच्या १९७० च्या दशकातील प्रयोगांतून आलेली होती. १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात १९२ निरीक्षकांपैकी ४६ टक्क्यांना ही अनपेक्षित व्यक्ती दिसलीच नाही. एका वेगळ्या चित्रफितीत गोरिला मध्यभागी थांबून छाती बडवतो आणि एकूण नऊ सेकंद पडद्यावर राहतो, तरी ती पाहणाऱ्यांपैकी निम्म्यांना तो दिसला नाही. काळ्या चमूचे पास मोजणाऱ्यांना मात्र काळा गोरिला अधिक प्रमाणात दिसला. हा तपशील मला फार मोलाचा वाटतो, कारण त्यावरून न दिसणाऱ्या माणसांवरचा निष्काळजीपणाचा आरोप गळून पडतो. पांढऱ्या चमूवर लक्ष ठेवण्यासाठी काळ्या रंगाचे सारे काही बाजूला सारावे लागते, आणि त्या कामात गोरिलाही बाजूला सारला जातो.

आता दरवाजा. हा प्रयोग एक वर्ष आधीचा, १९९८ चा, आणि त्यात सायमन्स यांचे सहकारी डॅनियल लेव्हिन होते. कॉर्नेलच्या आवारात हातात नकाशा घेतलेला एक माणूस पादचाऱ्याला थांबवून एका इमारतीचा रस्ता विचारतो. पादचारी नकाशावर बोट ठेवून सांगू लागतो. दहा-पंधरा सेकंदांनी दोन माणसे एक लाकडी दरवाजा वाहून नेत त्या दोघांच्या मधूनच, काहीशा उद्धटपणे, निघून जातात. दरवाज्याच्या आडोशाला अदलाबदल होते: रस्ता विचारणारा दरवाज्याचे मागचे टोक धरून चालू लागतो आणि ते टोक धरून आलेला माणूस तसाच नकाशा हातात घेऊन त्याच्या जागी उभा राहतो. कपडे वेगळे, आवाज वेगळा, उंचीही वेगळी. पादचारी त्याला पुढचा रस्ता सांगू लागतो. शेवटी दरवाजा गेला तेव्हा काही वेगळे जाणवले का, असे विचारल्यावर काहींनी दरवाजावाल्यांच्या उद्धटपणाची तक्रार केली. माणूस बदलल्याचे पंधरांपैकी सातच जणांच्या लक्षात आले होते. ते सातही जण प्रयोगकर्त्यांच्याच वयोगटातील होते. मग हेच प्रयोगकर्ते बांधकाम कामगारांच्या वेशात गेले आणि त्यांनी फक्त तरुण विद्यार्थ्यांना रस्ता विचारला. तेव्हा बारांपैकी चारच जणांना बदल कळला. समोरचा माणूस 'आपल्यातला एक' राहिला नाही, 'कोणी एक कामगार' झाला, आणि तेवढी नोंद दोघांनाही सारखीच लागू पडत होती.

दोन्ही प्रसंगांत डोळ्यांदेखत घडलेले हुकते, म्हणून ते एकच वाटतात. त्यांतला फरक ओळखण्यासाठी मी स्वतः एक साधी कसोटी वापरतो: काळ थांबवून पाहायचे. गोरिलाच्या चित्रफितीतील मधली कोणतीही एक चौकट थांबवली, तर जे हुकले ते त्या चौकटीत पूर्णपणे हजर असते. दरवाज्याच्या प्रसंगातील कोणताही क्षण गोठवला, तरी त्यात चुकीचे किंवा विचित्र असे काहीही सापडत नाही. पहिला माणूस रस्ता विचारणारा साधा माणूस आहे आणि दुसराही तसाच. बदल एका दृश्यात नसतोच. तो दोन दृश्यांच्या तुलनेत असतो. म्हणून अनवधान-अंधता हे या क्षणीच्या अनुभवाचे अपयश आहे, तर बदल-अंधता हे आधीचे आणि आताचे ताडून पाहण्याचे अपयश आहे आणि त्यात स्मृतीचा हात अपरिहार्यपणे असतो. पादचारी त्या दुसऱ्या माणसाकडे पाहत होता, त्याच्याशी बोलत होता, त्याचे सारे लक्ष त्याच्यावर होते. लक्ष नव्हते म्हणून हुकले, हे स्पष्टीकरण इथे जसेच्या तसे लागू पडत नाही.

दुसरा भेद आगाऊ सूचनेचा. 'या चित्रफितीत गोरिला येणार आहे' असे सांगितले की अनवधान-अंधता तिथेच संपते; ती अनपेक्षित गोष्टींपुरतीच असते. बदल-अंधता सूचना दिल्यावरही टिकून राहते. रोनाल्ड रेन्सिंक, केव्हिन ओ'रेगन आणि जेम्स क्लार्क यांनी १९९७ मध्ये हे सिद्ध केले. एक छायाचित्र सुमारे पाव सेकंद दाखवायचे, मग क्षणभर कोरा पडदा, मग तेच छायाचित्र एका फरकासह, पुन्हा कोरा पडदा, आणि हे चक्र चालू ठेवायचे. पाहणाऱ्याला फरक आहे हे ठाऊक असते, तो डोळ्यांत तेल घालून शोधत असतो, तरी दृश्यातील दुय्यम जागेचा फरक सापडायला सरासरी सुमारे ११ सेकंद लागले, आणि ज्या जागेकडे मन आपोआप जाते तिथला फरक सापडायलाही जवळजवळ पाच सेकंद गेले. कोरा पडदा काढून टाकला की तोच फरक तत्काळ दिसतो, कारण बदलाच्या जागी हालचालीसारखा एक ठिपका चमकतो आणि नजर तिकडे ओढली जाते. कोऱ्या पडद्यामुळे सगळीकडेच चमक होते आणि तो खास संकेत त्यात बुडतो. पापणी लवणे, नजरेची उडी, चित्रपटातील कट, मधून जाणारा दरवाजा, या सगळ्यांचे काम तेच. रविवारच्या पुरवणीतील 'दोन चित्रांतील फरक ओळखा' हे कोडे याच कारणाने अवघड असते: दोन्ही चित्रे समोर असली तरी एकावरून दुसऱ्यावर जाताना नजर उडी मारते आणि तेवढ्यात पहिल्याची बारीक नोंद निसटते.

ती नोंद खरोखर निसटते की केवळ वापरली जात नाही, हा प्रश्न सायमन्स यांनी पुढेही सोडला नाही, आणि मला त्यांच्या कामातील हा भाग गोरिलापेक्षाही महत्त्वाचा वाटतो. २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात रस्ता विचारणाऱ्या व्यक्तीच्या हातात लाल-पांढरा बास्केटबॉल होता. मधून माणसांचा एक घोळका गेला आणि त्यातल्या एकाने तो चेंडू गुपचूप काढून नेला. 'काही बदलले का' या प्रश्नावर बहुतेकांनी चेंडूचा उल्लेख केला नाही. परंतु चेंडूविषयीच थेट विचारल्यावर त्यांच्यापैकी अनेकांना तो आठवला, आणि बास्केटबॉलला सहसा नसणारे त्याचे रंगही आठवले. म्हणजे आधीच्या दृश्याची नोंद मनात शिल्लक होती; ती नव्या दृश्याशी लावून पाहण्याचे काम मात्र झाले नव्हते. म्हणून बदल-अंधतेवरून 'मेंदू काहीच साठवत नाही' असा निष्कर्ष काढणारे लेख चुकीच्या वाटेने जातात.

अनवधान-अंधतेबद्दलही अशीच घाई होते. ही संज्ञा रूढ करणारे एरियन मॅक आणि आयर्विन रॉक यांचा १९९८ मधील दावा ठाम होता: अवधानाशिवाय जाणीवपूर्वक संवेदन नाही. अलीकडे जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातील संशोधकांनी 'काही दिसले नाही' असे उत्तर देणाऱ्यांनाच पुढचे प्रश्न विचारले. ती वस्तू कोणत्या बाजूला होती, तिचा रंग कोणता होता, याची त्यांची उत्तरे निव्वळ अंदाजाने येतील त्याहून बरी निघाली. त्यामुळे 'नाही दिसले' या उत्तरात 'दिसले असावे, पण खात्री नाही' अशीही माणसे मिसळलेली असतात, हे मान्य करावे लागते. वर दिलेला भेद त्याने पुसला जात नाही, पण त्याची सीमा पूर्वी वाटत होती तितकी कोरीव राहत नाही.

व्यवहारात हा भेद उपायांपर्यंत पोहोचतो. २०१३ च्या एका अभ्यासात ट्रॅफ्टन ड्रू आणि सहकाऱ्यांनी फुप्फुसांच्या सीटी स्कॅनमध्ये गोरिलाचे चित्र घातले. ते सरासरी गाठीच्या ४८ पट मोठे होते, तरी गाठी शोधणाऱ्या २४ क्ष-किरणतज्ज्ञांपैकी २० जणांना ते दिसले नाही, आणि त्यांतील बहुतेकांची नजर थेट त्यावरून गेली होती. ही अनवधान-अंधता आहे. तिथे जुना स्कॅन शेजारी लावून काही साधत नाही, कोणत्याही विशिष्ट शोधात नसलेली दुसरी नजर लागते. उलट, एखादी गाठ सहा महिन्यांत वाढली का, हा प्रश्न तुलनेचा आहे. तिथे आठवणीवर विसंबणे धोक्याचे, आणि जुना स्कॅन समोर ठेवणे हाच खरा आधार.

दोन्ही घटना एकत्र पाहायच्या असतील तर सायमन्स यांची २०१० मधील नवी चित्रफीत पाहावी. तिच्यात गोरिला येतोच, पण त्याच वेळी मागच्या पडद्याचा रंग लालाचा सोनेरी होतो आणि काळ्या चमूतील एक खेळाडू खेळ सोडून निघून जाते. जुना गोरिला ठाऊक असलेल्या सर्वांना नवा गोरिला दिसला. उरलेल्या दोन घटनांपैकी किमान एक मात्र त्यांच्यातल्या १७ टक्क्यांनाच कळली. जुनी चित्रफीत ठाऊक नसलेल्यांमध्ये हेच प्रमाण २९ टक्के होते. पडद्याचा रंग न कळणे ही उघड बदल-अंधता, कारण सोनेरी पडद्यात स्वतःहून विचित्र असे काहीच नाही. त्या खेळाडूचे प्रकरण अधिक गुंतागुंतीचे आहे. ती चालत बाहेर पडते तेवढे दोन-चार क्षण तिचे जाणे प्रत्येक चौकटीत हजर असते आणि ते न दिसणे गोरिला न दिसण्याच्याच जातीचे असते. ती एकदा चौकटीबाहेर गेली की चमूत तीनाऐवजी दोनच जण उरतात, आणि तिथून पुढे ते कळायला आधी किती होते हे आठवावे लागते.