संगीतोपचार आणि शोकाचं सामूहिक गाणं : आवाज तोच, जबाबदारी वेगळी

दहा-बारा माणसं गोल करून बसली आहेत. एक जण दोन ओळींचं गाणं घेते, बाकीचे मागून म्हणतात. चौथ्या-पाचव्या आवर्तनाला कुणाचा तरी गळा दाटतो, तो रडू लागतो आणि तरीही गाणं चालूच राहतं. हे दृश्य रुग्णालयातल्या संगीतोपचाराच्या सत्राचं असू शकतं, किंवा एकमेकांना फारसं न ओळखणाऱ्या लोकांनी शोक करण्यासाठी जमवलेल्या गटाचंही. सूर दोन्हीकडे आहेत, अश्रू दोन्हीकडे आहेत आणि ‘हीलिंग’ हा शब्दही दोन्हीकडे सारखाच वापरला जातो. त्यामुळे लोक सर्रास एकाला दुसऱ्याच्या नावाने ओळखतात, आणि मग एकाकडून दुसऱ्याची अपेक्षा धरून बसतात.

फरक गाण्यात शोधायला गेलं तर सापडणार नाही. समोरच्या माणसाचं पुढे काय होतं याला कोण बांधील आहे, आणि कुठवर, इथे तो आहे.

संगीतोपचार हा आरोग्यसेवेतला एक व्यवसाय आहे. दोन्ही महायुद्धांच्या काळात जखमी आणि मनाने खचलेल्या सैनिकांसाठी वादक-गायक रुग्णालयांत जात. गाण्याचा उपयोग होतो हे तिथे दिसलं, आणि नुसतं चांगलं गाता-वाजवता येणं पुरत नाही हेही दिसलं. अमेरिकेत मिशिगन स्टेट कॉलेजमध्ये १९४४ साली या विषयाचा पदवी अभ्यासक्रम सुरू झाला, १९५० मध्ये व्यावसायिकांची राष्ट्रीय संघटना उभी राहिली. आज तिथे पदवी, १२०० तासांचं प्रत्यक्ष प्रशिक्षण आणि मग प्रमाणपत्राची परीक्षा असा रस्ता आहे. ब्रिटनमध्ये ‘म्युझिक थेरपिस्ट’ ही उपाधीच कायद्याने राखीव आहे. नोंदणी नसलेल्या माणसाने ती लावली तर तो गुन्हा ठरतो.

थेरपिस्टच्या कामाचा क्रम साधारण ठरलेला असतो. आधी माणूस समजून घ्यायचा, काय साधायचं ते ठरवायचं, मग गाणं किंवा वादन निवडायचं, आणि काय झालं याची नोंद ठेवायची. ‘गाणं निवडायचं’ हे ऐकायला सोपं वाटतं, पण खरी मेहनत तिथेच आहे. दुःखात बुडालेल्या माणसासमोर आनंदी चाल वाजवून त्याला वर ओढायचं नाही, हा जुना नियम आहे. आधी त्याच्या मनःस्थितीला जुळणारं संगीत घ्यायचं आणि मग हळूहळू ते बदलत न्यायचं. शोकाच्या बाबतीत थेरपिस्ट कधी गेलेल्या माणसाचं आवडतं गाणं ऐकवून त्याच्या शब्दांवर बोलतं करतात, कधी नवीन गाणं रचायला लावतात. मुलांच्या काही रुग्णालयांत तर आजारी मुलाच्या हृदयाचे ठोके ध्वनिमुद्रित करून त्यावर कुटुंबाने निवडलेलं गाणं बेततात. मूल गेलं तरी तो ठोका घरच्यांपाशी राहतो. हे सगळं एका विशिष्ट माणसासाठी किंवा कुटुंबासाठी असतं. सत्र गटाचं असलं तरी फाइल प्रत्येकाची वेगळी.

शोकासाठी जमून गाणाऱ्या गटात फाइल नसते. रुग्णही नसतो. मला वाटतं, सगळ्यात मोठी गोष्ट ही आहे. गाणं घेणारी व्यक्ती स्वतःही शोक करायला आलेली असते, निदान शोक तिला परका नसतो. ती कुणाचं निदान करत नाही, कुणाला बरं करण्याचं कबूल करत नाही. बाकीच्यांना निर्धास्तपणे रडता यावं, गप्प बसता यावं, गाता यावं, यासाठी ती जागा सांभाळते आणि गाण्याचा धागा तुटू देत नाही.

या गटांची वंशावळ एक नाही. मृताभोवती मोठ्याने आळवून रडणं हे अनेक समाजांत बायकांचं काम होतं आणि त्यात जाणत्या बायका असत. आयर्लंडमध्ये चर्चने त्याला विरोध केला आणि ती रीत हळूहळू लोपत गेली. फिनलंड-रशिया सीमेवरच्या कारेलिया प्रदेशातली विलापगीतं विसाव्या शतकात विझत चालली होती. फिनलंडमध्ये आता लोक ती शिकवणीला जाऊन शिकतात, आणि मृत्यूखेरीज घटस्फोटासारख्या दुःखांसाठीही विलाप रचतात. बुर्किना फासोच्या डगारा समाजातले मालिदोमा सोमे आणि सोबोन्फू सोमे यांनी आपल्याकडचा शोकविधी अमेरिकेत नेला. आजच्या कित्येक शोकगटांवर त्याची सरळ छाप आहे.

त्या विधीची मांडणी बघण्यासारखी आहे. खोलीच्या एका टोकाला शोकाची वेदी असते, दुसऱ्या टोकाला ‘गाव’ म्हणजे बाकीचे सगळे. गाव ढोल वाजवत, एकच गाणं पुन्हा पुन्हा म्हणत राहतं. ज्याला उमाळा येतो तो उठून वेदीपाशी जातो, गुडघे टेकतो, हंबरडा फोडतो. त्याच्यामागे एक जण नुसता उभा राहतो. सांत्वन करत नाही, पाठ थोपटत नाही, फक्त तो एकटा नाही एवढं कळेल इतक्या अंतरावर थांबतो. रडून झालं की तो परत येतो, गाव त्याचं स्वागत करतं, आणि आता तो इतरांसाठी गातो. हे तासन्‌तास चालतं. इथे गाण्याचं काम रडवण्याचं नाही. रडणाऱ्याला आपल्या आवाजाची लाज वाटू नये आणि गाणाऱ्यांना पाय रोवून उभं राहता यावं, हे त्याचं काम. गाणं थांबलं तर सगळ्यांच्या नजरा रडणाऱ्याकडे वळतात आणि तो स्वतःला आवरतो.

गाणं घेणाऱ्यांची हातोटी यातूनच घडते. गाणी एक-दोन ओळींची असतात, ऐकून ऐकून शिकवलेली, कागद नसतो. कागद हातात आला की डोळे खाली जातात आणि चुकण्याची भीती वर येते. शब्द असे निवडायचे की कुणाच्याही श्रद्धेला किंवा अश्रद्धेला अडखळायला होऊ नये. सूर मध्यम पट्टीत ठेवायचा, कारण दाटलेल्या गळ्याला वरची पट्टी लागत नाही. आवर्तनं किती याचा हिशेब नसतो. खोलीचा श्वास कसा चालला आहे त्यावर चाल मंद करायची, आवाज उतरवायचा, कधी शब्द सोडून नुसता हुंकार ठेवायचा. न गाण्याची मुभा सुरुवातीलाच सांगायची. आणि शेवट नीट करायचा. माझ्या मते गाणं घेणारी कसलेली आहे की नाही हे शेवटच्या अर्ध्या तासात कळतं. लोकांना दुःखाच्या तळाशी नेणं तसं अवघड नसतं. त्यांना परत वर आणून, पाणी पाजून, एकमेकांची नावं घेऊन, जमिनीवर पाय टेकवून घरी पाठवणं अवघड असतं.

या येण्या-जाण्याला शोकाच्या अभ्यासातूनही आधार मिळतो. मानसोपचारतज्ज्ञ एलिझाबेथ क्युब्लर-रॉस यांचे १९६९ मधले पाच टप्पे (नकार, राग, घासाघीस, नैराश्य, स्वीकार) सगळ्यांना तोंडपाठ असतात, पण ते मुळात मरणासन्न रुग्णांशी झालेल्या बोलण्यातून आले होते. मागे राहिलेल्यांनी ते एकेक करून पार करायचे, अशी ती पायऱ्यांची यादी नव्हे. नेदरलँड्समधल्या मार्गारेट स्ट्रोबे आणि हेंक शुट यांनी १९९९ मध्ये वेगळं चित्र मांडलं : शोक करणारा माणूस गमावलेल्याकडे आणि उरलेल्या आयुष्याकडे असा सतत झोके घेत असतो, आणि हे झोके घेता येणं हेच बरं लक्षण. वेदीकडे जाणं आणि गावात परतणं म्हणजे तोच झोका, एका संध्याकाळीत बसवलेला. ‘सगळं रडून टाकलं की मोकळं वाटतं’ हा समज मात्र अपुरा आहे. नुसतं रडण्याने प्रत्येकाला हलकं वाटतंच असं नाही. आजूबाजूला कोण आहे, नंतर काय होतं, यावर बरंच अवलंबून असतं.

गाण्याने माणसं जवळ येतात, हे मात्र बऱ्यापैकी तपासून झालेलं आहे. ब्रिटनमध्ये प्रौढांच्या वर्गांचा सात महिने मागोवा घेऊन २०१५ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध झाला. गाण्याच्या वर्गातले लोक पहिल्या महिन्यातच एकमेकांना जवळचे वाटू लागले. हस्तकला आणि लेखनाच्या वर्गांना तिथे पोचायला जास्त वेळ लागला, पण शेवटी तिन्ही वर्ग सारख्याच जवळिकीला पोचले. म्हणजे गाणं जास्त जवळ आणतं असं नाही, लवकर आणतं. शोकगटाला हे वरदान आहे, कारण तिथे परकी माणसं एका संध्याकाळी आपलं सगळ्यात खोल दुखणं उघडं करतात. धोकाही तिथेच आहे. इतक्या लवकर आलेल्या जवळिकीत माणूस नंतर पस्तावेल असं काही बोलून जातो, किंवा गाणं घेणारीला गुरू मानू लागतो. चांगले गट म्हणून गोपनीयतेचा करार आधी करतात आणि ‘सगळं सांगायलाच हवं असं नाही’ हे दोनदा बजावतात.

शोकावर थेट परिणाम होतो का? लंडनमध्ये कर्करोगाने जवळचं माणूस गमावलेल्यांवर झालेला, २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेला एक अभ्यास आहे. आठवड्यातून एकदा असं बारा आठवडे समूहगायन केलेल्यांची मनःस्थिती न गाणाऱ्यांच्या तुलनेत स्थिर राहिली, आत्मविश्वासही वाढला. पण सहभागी थोडे होते आणि कोण गाणार हे चिठ्ठ्या टाकून ठरवलेलं नव्हतं. ज्यांना गायचं होतं ते गायले. आशादायक म्हणावं, त्यापुढे जाऊ नये.

आता ही दोन कामं एकमेकांच्या जागी कुठे चालत नाहीत ते पाहू. काही माणसांचा शोक गोठतो. महिने उलटले तरी ओढ तितकीच तीव्र, रोजचं जगणं ठप्प, मृत्यू झालाय हेच मन मानत नाही. याला आता प्रदीर्घ शोकविकार असं वैद्यकीय नाव आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या आयसीडी-११ या आजारांच्या वर्गीकरणात त्यासाठी किमान सहा महिन्यांची अट आहे, डीएसएम या मनोविकारांच्या अमेरिकी निदान-पुस्तिकेच्या २०२२ च्या आवृत्तीत प्रौढांसाठी बारा महिन्यांची. नैसर्गिक कारणाने माणूस गमावलेल्या प्रौढांत हे प्रमाण दहातल्या एकाच्या आसपास असल्याचं २०१७ च्या एकत्रित विश्लेषणात दिसलं. यावर नेमके उपचार आहेत. अमेरिकी मानसोपचारतज्ज्ञ कॅथरिन शिअर यांच्या २००५ मधल्या चाचणीत शोकासाठी खास बेतलेल्या थेरपीने ५१ टक्के लोकांत सुधारणा दिसली, तर नैराश्यासाठी वापरल्या जाणाऱ्या आंतरव्यक्तिक मानसोपचाराने २८ टक्क्यांत. अशा माणसाला ‘ये, आमच्यासोबत गा, बरं वाटेल’ म्हणणं प्रेमाचं असेल, पण ते अपुरं आहे. जीव द्यावासा वाटणं, भयानक प्रसंग डोळ्यांसमोर पुन्हा पुन्हा घडत राहणं, दारू वाढत जाणं, हे ऐकलं की गाणं घेणारीने प्रशिक्षित माणसाकडे जायला सुचवायला हवं. कुणाकडे पाठवायचं ते तिने आधीच ठरवून ठेवलेलं असावं.

उलटी चूकही तितकीच होते, आणि तिच्याबद्दल कमी बोललं जातं. बहुतेक शोक हा आजार नसतो. त्याला थेरपिस्ट लागत नाही, साक्षीदार लागतात. सरसकट सगळ्या शोकग्रस्तांना समुपदेशन दिलं तर फार फायदा दिसत नाही, मदतीची खरी निकड असलेल्यांनाच तो दिसतो, हे २००८ मध्ये ६१ अभ्यासांच्या आढाव्यातून पुढे आलं. शिवाय कित्येक दुःखांना मृत्यूचा दाखलाच नसतो : गर्भपात, तुटलेलं नातं, स्मृतिभ्रंश झालेली आई, कधीच न मिळालेलं बालपण, आटलेली नदी. शोकाच्या अभ्यासकांपैकी पॉलिन बॉस यांनी अशा काही दुःखांना अनिश्चित हानी म्हटलं, केनेथ डोका यांनी समाजाची मान्यता नसलेल्या शोकाबद्दल लिहिलं. कॅलिफोर्नियातले मानसोपचारक फ्रान्सिस वेलर शोकाची पाच दारं सांगतात आणि त्यांतलं एकच प्रिय गोष्टी गमावण्याचं आहे. या दुःखांसाठी कुठलंच रुग्णालय तुम्हाला भरती करून घेणार नाही. गट घेतो.

मधल्या पट्ट्यात आणखी काही लोक आहेत, ते गोंधळात भर घालतात. थ्रेशोल्ड क्वायर, म्हणजे उंबरठ्यावरचे गायक, ही चळवळ केट मंगर यांनी २००० मध्ये कॅलिफोर्नियात सुरू केली. दोन-चार जण मरणासन्न माणसाच्या उशाशी बसून हळू आवाजात गातात. ते स्वयंसेवक असतात, उपचार करत नाहीत. संगीत-थॅनॅटॉलॉजी, म्हणजे मरणासन्नांसाठीचं संगीत, करणारे मात्र वीणेसारखं हार्प आणि कंठ वापरून, रुग्णाच्या श्वासाकडे आणि नाडीकडे बघत संगीत बदलत नेतात आणि त्याचं रीतसर प्रशिक्षण घेतात. दोघेही मरणाच्या अलीकडे काम करतात, शोकगट बहुधा पलीकडे. आणि थेरपिस्टांमध्येही ‘समुदाय-संगीतोपचार’ मानणारे आहेत, जे खोलीबाहेर, गाव-वस्तीत गातात. तिथे रेषा खरोखरच पुसट होते.

म्हणून जायच्या आधी नाव बघून ठरवू नये, प्रश्न विचारावेत, आणि दोघांना वेगवेगळे. थेरपिस्टला विचारावं : तुमची पात्रता काय, नोंदणी कुठे, माझ्याबाबत काय साधायचं ठरवलं आहे, नोंदी कोण पाहतं? गाणं घेणारीला पात्रतेबद्दल विचारून फारसं हाती लागत नाही. तिला विचारावं : तुम्ही हे कुणाकडून शिकलात, ज्या समाजाची गाणी किंवा विधी वापरता त्यांची परवानगी आहे का, कुणी कोसळलं तर तुमच्यासोबत आणखी कोण असतं, संपल्यावर दुसऱ्या दिवशी चौकशी करता का? ‘सगळ्यांना बरं वाटतंच’ असं उत्तर आलं, तर मी तरी तिथे जाणार नाही.

दोन्ही करणारी माणसंही असतात; दिवसा परवानाधारक थेरपिस्ट, आठवड्यातून एका संध्याकाळी गाणं घेणारे. ते गैर नाही. पण त्यांचा रुग्ण त्या संध्याकाळी वर्तुळात येऊन बसला, तर एका नात्याची गोपनीयता दुसऱ्यात सांडते, आणि वर्तुळात सगळ्यांसमोर रडलेला माणूस पुढच्या सत्रात कुठून बोलायला सुरुवात करणार, हा पेच उरतो. सावध असलेले लोक अशा वेळी रुग्णाला दुसऱ्या गटाचं नाव सुचवतात, किंवा त्या संध्याकाळी गाणं घ्यायचं काम दुसऱ्या कुणाकडे सोपवतात.