जुनं, घरी बांधलेलं कॅनार्ड विमान घेताना रंगाच्या खाली काय आहे ते कसं ओळखायचं?

हँगरमध्ये पहिल्यांदा लाँग-ईझी (छोटा पंख पुढे असलेल्या, म्हणजे कॅनार्ड विमानांपैकी एक) उभं बघितलं की बहुतेकांना वाटतं याचं पुढचं चाक मोडलंय. नाक जमिनीला टेकलेलं, मागचा भाग वर, एकदम गुडघे टेकून बसल्यासारखं. मोडलेलं काहीच नसतं. इंजिन आणि प्रॉपेलर मागे, पायलट पार पुढे, त्यामुळे पायलट उतरला की पुढचं वजन जातं आणि विमान मागे कलंडून प्रॉपेलरवर आपटू शकतं, म्हणून पुढचं चाक आत ओढून नाकावर उभं ठेवतात. एका माणसाच्या चढण्या-उतरण्याने इतका फरक पडतो, आणि हे वजनाचं प्रकरण पुढे परत येणारच आहे.

नेहमीच्या विमानात आडवी शेपटी मागे असते आणि ती बहुतेक वेळ खालच्या दिशेने जोर लावत असते, म्हणजे मुख्य पंखाला विमानाचं वजनही उचलायचं आणि शेपटीचा तो जोरही. कॅनार्डमध्ये छोटा पंख पुढे असतो आणि दोन्ही पंख वरच उचलतात. कल्पना जुनीच आहे, राइट बंधूंच्या १९०३ च्या विमानातही छोटा पंख पुढेच होता. पण घरी विमान बांधणाऱ्यांपर्यंत ती खऱ्या अर्थाने पोचवली कॅलिफोर्नियातल्या मोजावेच्या बर्ट रुटान यांनी. त्यांचं व्हेरी-ईझी १९७५ मध्ये उडालं आणि लाँग-ईझी १९७९ मध्ये.

यातली खरी हुशारी अशी की पुढचा पंख मुद्दाम अशा कोनात बसवलेला असतो की वेग कमी होत गेला की तो आधी स्टॉल होतो, म्हणजे त्याची उचल कमी पडते, मग नाक आपोआप थोडं खाली येतं, वेग वाढतो, पंख परत उचलायला लागतो, आणि या सगळ्यात मुख्य पंख स्टॉलपर्यंत पोचतच नाही. पण हे केव्हा, तर गुरुत्वमध्य ठरलेल्या मर्यादेत असेल तेव्हाच. तो फार मागे गेला तर मुख्य पंखच आधी स्टॉल होऊ शकतो आणि मग विमान नाक न झुकवता सपाट खाली येत राहतं, याला डीप स्टॉल म्हणतात, आणि त्यातून बाहेर पडणं फार अवघड, कधीकधी अशक्यच.

आता हे विमान बनतं कसं ते बघू, कारण जुनं विमान घेणाऱ्याला सगळ्यात आधी हेच समजलं पाहिजे. साचा नाही, पत्रा नाही, रिव्हेट नाहीत. पंखासाठी फोमचा मोठा ठोकळा घ्यायचा, त्याच्या दोन्ही टोकांना पंखाच्या आकाराच्या प्लायवूडच्या पट्ट्या लावायच्या आणि तापलेल्या तारेने फोम कापायचा. तारेचं एक टोक एकाकडे, दुसरं दुसऱ्याकडे, आणि पट्ट्यांवर आकडे लिहिलेले असतात, एकजण मोठ्याने आकडे म्हणत जातो आणि दोघांनी एकाच वेळी एकाच आकड्यावर असायचं, कारण पंख टोकाकडे निमुळता होतो, दोन्हीकडचा वेग वेगळा असतो. कुणी एका जागी थांबलं की फोममध्ये खड्डा पडलाच. मला ही पद्धत फार आवडते, विमानाचा पंख दोन माणसांच्या ताळमेळातून कापला जातो.

मग त्या फोमवर फायबरग्लासचं कापड अंथरायचं आणि इपॉक्सीने भिजवायचं. कापड दोन प्रकारचं. एकाला युनी म्हणतात, त्यात जवळजवळ सगळे धागे एकाच दिशेने, दुसरं बिड, त्यात दोन्ही दिशांना सारखे. कुठल्या जागी कुठलं कापड, किती थर, कुठल्या कोनात, हे सगळं प्लॅनमध्ये लिहिलेलं असतं, आणि पंखाची ताकद त्यावरच असते. इपॉक्सी कमी पडली तर कापड कोरडं राहतं, जास्त झाली तर वजन वाढतं आणि ताकद मात्र वाढत नाही. कापड आणि फोमच्या मध्ये काचेच्या पोकळ बारीक गोळ्यांची भुकटी मिसळलेली इपॉक्सी असते, तिला मायक्रो म्हणतात, आणि जिथे सांधा मजबूत पाहिजे तिथे कापसाच्या तंतूंची इपॉक्सी, ती फ्लॉक्स. यावर परत मायक्रोने सगळं गुळगुळीत करायचं, घासायचं, प्रायमर, आणि शेवटी पांढरा रंग.

पांढराच का? कारण घरच्या तापमानात घट्ट झालेली इपॉक्सी आणि आतला पॉलिस्टायरीन फोम, दोघांनाही उष्णता झेपत नाही. कडक उन्हात काळा पृष्ठभाग ८०-९० अंश सेल्सिअसपर्यंत सहज जातो आणि तोपर्यंत यांचा जीव मऊ पडायला लागलेला असतो. तेव्हा कुणी हौसेने गडद निळं किंवा काळं रंगवलेलं असेल तर मी तरी दोन पावलं मागे होईन, फोटोत कितीही सुंदर दिसो.

तर मुद्दा असा की रंग एकदा लागला की आतलं काहीच दिसत नाही. ॲल्युमिनियमच्या विमानात रिव्हेटची रांग बघून कारागीर कसा होता ते कळतं, इथे नाही कळत. जुनं कॅनार्ड घेताना तुम्ही खरं तर एका अनोळखी माणसाचे हात विकत घेत असता. रुटान यांच्या कंपनीने १९८५ मध्ये प्लॅन विकणं थांबवलं, त्यामुळे बाजारात येणारी बरीच व्हेरी-ईझी आणि लाँग-ईझी कित्येक वर्षांपूर्वी बांधलेली असतात आणि दोन-तीन मालकांच्या हातून गेलेली असतात. नॅट पफर यांचं कोझी (त्यात शेजारी शेजारी बसता येतं) किंवा फ्लोरिडात तयार होणारं वेलॉसिटीचं किट घेतलंत तरी प्रश्न हाच.

म्हणून पहिली गोष्ट इंजिन नाही, पहिली गोष्ट कागद. बांधतानाचे फोटो आहेत का, कुठला थर कुठल्या दिवशी घातला याची वही आहे का, प्लॅनमध्ये नंतर आलेल्या दुरुस्त्या केल्या का. ज्याने रंग लावायच्या आधीचे, पारदर्शक कापडातून फोम दिसतोय असे फोटो जपून ठेवलेत तो माणूस सहसा आतही नीट काम करतो. फोटोच नाहीत, वहीच नाही, तर विमान वाईट आहे असं नाही, पण तुमच्याकडे पुरावा नाही एवढं नक्की.

दुसरी गोष्ट, वाजवून घ्या. आपण मराठीत म्हणतो ना वाजवून घे, ते इथे अक्षरशः करायचं. एक नाणं घ्यायचं आणि पंखावर, कॅनार्डवर (म्हणजे त्या पुढच्या छोट्या पंखावर), स्ट्रेकवर (पंख आणि धड यांच्या मधल्या भागावर) इंचाइंचाने टकटक करत जायचं. कापड फोमला घट्ट चिकटलेलं असेल तर आवाज स्वच्छ, टणक येतो, सुटलेलं असेल तर बद्द आवाज येतो, आणि एकदा कानाला सवय झाली की फरक लगेच कळतो. याला दोन-तीन तास लागतात, लागू द्या. उन्हात उभं ठेवून तिरक्या उजेडात पृष्ठभाग बघा, फुगवटे असतील तर गरम झाल्यावर जास्त दिसतात. व्हेरी-ईझी असेल तर पंख जोडायच्या धातूच्या फिटिंग्ज गंजल्यात का ते बघायलाच पाहिजे, लाँग-ईझीत ती रचना बदलली, तिथे प्रत्येक पंख तीन बोल्टवर असतो.

मुख्य चाकांचे पाय तर आणखी मजेशीर. ते फायबरग्लासचे असतात आणि पुढचं चाक मोकळं फिरणारं, म्हणजे जमिनीवर वळायचं तर एका बाजूचा ब्रेक दाबून. लांब टॅक्सीवेवर आडवा वारा असेल तर एकच ब्रेक सतत दाबला जातो, तो तापतो, ती उष्णता शेजारच्या पायात जाते आणि पाय हळूहळू वाकतो. म्हणून ब्रेकजवळ उष्णता अडवणारं कवच आहे का आणि दोन्ही चाकं सरळ उभी आहेत का ते मागे उभं राहून बघा.

प्रॉपेलर सगळ्यात मागे, म्हणजे पुढून सुटलेली प्रत्येक गोष्ट त्याच्यातूनच जाणार. काउलिंगचा (इंजिनावरच्या झाकणाचा) स्क्रू, एक्झॉस्टचा नट, पुढच्या चाकाने उडवलेला खडा, अगदी कॅनोपी (कॉकपिटवरचं पारदर्शक झाकण) उघडी राहिली तर सीटवरची वस्तूसुद्धा. पात्यांच्या कडेवरचे टवके बघा, त्यावरून आधीचा मालक नट-बोल्ट कसे सांभाळायचा ते कळतं. लाकडी असेल तर ऋतू बदलला की लाकूड फुगतं-आकसतं, बोल्टचा टॉर्क (घट्टपणा) परत तपासावा लागतो, तेव्हा शेवटचा कधी तपासला ते विचाराच.

आणि वजन. लाँग-ईझीचं डिझाइनचं रिकामं वजन ७१० पौंडांच्या आसपास आणि उडतानाचं कमाल १३२५ पौंड. पण मोठं इंजिन, स्टार्टर, जाड रंग, आतली गादी, रेडिओ असं करत करत वजन चढत जातं आणि त्यातलं बरंचसं मागे जातं. मग नाकात शिसं ठेवून तोल सावरतात. कागदावरचे जुने आकडे मान्य करू नका, तीन वजनकाट्यांवर विमान तुमच्यासमोर परत तोलायला सांगा. वर डीप स्टॉलचं लिहिलं ते उगाच नाही, सुरुवातीच्या काही वेलॉसिटींना तो त्रास झालेला आहे आणि नंतर पंखात बदल करावे लागले.

कॅनार्डवरचा एअरफॉइल, म्हणजे पंखाच्या छेदाचा आकार, कुठला तेही विचारा. सुरुवातीची विमानं ग्लासगो विद्यापीठातला एक एअरफॉइल वापरायची, कोरड्या हवेत उत्तम, पण पावसाचे थेंब किंवा कीटक चिकटले की त्यावरून गुळगुळीत वाहणारी हवा लवकर विस्कटते, उचल कमी होते आणि नाक खाली जायला लागतं, पायलटला स्टिक मागे ओढून धरावी लागते. नंतर जॉन रॉन्झ यांनी नवा एअरफॉइल बनवला, त्यात पावसाचा हा त्रास गेला. विमानावर रॉन्झचा कॅनार्ड असेल तर ती चांगली गोष्ट समजा, नसेल तर पावसातली सवय आधी करून घ्यावी लागेल.

आता ती गोष्ट, जी प्रत्येक घेणाऱ्याने वाचलीच पाहिजे. १२ ऑक्टोबर १९९७ ला गायक जॉन डेन्व्हर कॅलिफोर्नियातल्या पॅसिफिक ग्रोव्हजवळ, मॉन्टेरेच्या उपसागरात लाँग-ईझी कोसळून गेले. विमान त्यांनी नुकतंच, वापरलेलं घेतलं होतं, बांधलेलं दुसऱ्याच कुणीतरी. प्लॅनप्रमाणे कुठल्या टाकीतून इंधन घ्यायचं तो व्हॉल्व्ह पायलटच्या पायांच्या मध्ये, समोर असतो. बांधणाऱ्याने तो डाव्या खांद्याच्या मागे बसवला होता, कारण त्याला कॉकपिटमध्ये इंधनाच्या नळ्या नको होत्या, म्हणजे हेतू सुरक्षिततेचाच होता. पण तिथे हात पोचवायचा तर अंग जवळजवळ काटकोनात वळवावं लागायचं. व्हॉल्व्हच्या दांड्यावर कुठली बाजू कुठली टाकी याची खूण नव्हती, इंधन दाखवणाऱ्या काचा मागच्या कॉकपिटमध्ये आणि त्यांच्यावरही खुणा नव्हत्या. अपघात तपासणाऱ्या एनटीएसबी या अमेरिकी सरकारी संस्थेचा निष्कर्ष असा की व्हॉल्व्ह फिरवायला वळताना त्यांच्याकडून नकळत रडरचं (नाक डावी-उजवीकडे वळवणारं) उजवं पेडल दाबलं गेलं आणि ताबा गेला. मला हे वाचून दरवेळी वाईट वाटतं, कारण यात मोडलेलं काहीच नव्हतं. एका माणसाने त्याच्या गॅरेजमध्ये विचार करून घेतलेला एक निर्णय होता, जो त्याच्या अंगवळणी पडला होता आणि पुढच्याच्या नाही. तेव्हा विमान घ्यायच्या आधी पट्टे बांधून सीटवर बसा, डोळे मिटा आणि प्रत्येक दांड्यापर्यंत हात पोचतो का बघा. नाही पोचत तर ती जागा बदलल्याशिवाय उडवू नका.

दुरुस्तीचं सांगायचं तर हा या विमानांचा सुखाचा भाग आहे. पुढचं चाक बाहेर काढायला विसरून उतरणं यांच्यात बऱ्याचदा होतं, आणि मुख्य चाकं कायम बाहेरच असल्यामुळे नाकाचा खालचा भागच घासला जातो. खराब भाग कापून काढायचा, फोमचा नवा तुकडा बसवायचा, आजूबाजूचं कापड उतारासारखं घासून पातळ करायचं म्हणजे एकेक थर पायरीपायरीने उघडा पडतो, आणि मग तेवढेच थर, त्याच दिशेने, प्रत्येक वरचा थर खालच्यापेक्षा मोठा असे घालायचे. रंगावर किंवा मायक्रोवर कापड चिकटवायचं नाही, पार फायबरग्लासपर्यंत जायचं, पण घासताना चांगलं कापड कापलं जाता कामा नये. रंग काढायचं केमिकल तर अजिबात जवळ आणू नका, ते इपॉक्सीलाच खातं. तसंच पेट्रोल आणि पॉलिस्टायरीन फोमचं वैर आहे, थेंब पडला की फोम विरघळून पोकळी होते, टाक्यांना म्हणूनच वेगळा फोम वापरतात. पॉलिस्टर रेझिनही चालत नाही, त्याच कारणाने. आणि स्वतःची काळजी घ्या, हातमोजे न घालता इपॉक्सी वापरत राहिलं तर काही जणांना तिची ॲलर्जी होते आणि मग ती आयुष्यभर राहते, बांधकाम अर्धवट सोडावं लागलेली माणसं त्यामुळेच असतात.

अमेरिकेत नियम असा आहे की विमानाचं बहुतांश काम हौशी माणसांनी स्वतः केलं असेल तरच ते एक्स्पेरिमेंटल ॲमॅच्युअर-बिल्ट म्हणून नोंदवता येतं, आणि ज्याने बांधलं त्याला रिपेअरमनचं सर्टिफिकेट मिळतं, दरवर्षीची तपासणी तो स्वतः करू शकतो. विमान विकलं तरी ते सर्टिफिकेट तुमच्याकडे येत नाही. साधी दुरुस्ती तुम्ही करू शकता, पण वार्षिक तपासणीवर सही करायला साधारणपणे ए अँड पी (विमानाचा सांगाडा आणि इंजिन दोन्हींचं सर्टिफिकेट असलेला) मेकॅनिक लागतो, आणि फोम-फायबरग्लास समजणारा मेकॅनिक विमान घ्यायच्या आधी शोधलेला बरा, नंतर नाही.

घेतल्यावर लगेच एकट्याने उडू नका. लाँग-ईझीत मागच्या सीटला स्टिक असते पण रडरची पेडल नसतात, त्यामुळे मागे बसलेला शिक्षक तुम्हाला एका मर्यादेपर्यंतच वाचवू शकतो. आधी दुसऱ्याच्या विमानात मागे बसून त्याचं उतरणं बघा. फ्लॅप नसतात, उतरण्याचा वेग जास्त वाटतो, नाक जमिनीपासून किती उंच आहे याचा अंदाज वेगळा असतो, पोटाखालचा ब्रेक (हवेत वेग कमी करणारी फळी) उघडला की कसं वाटतं ते कळतं. मग लांब धावपट्टीवर नुसता टॅक्सीचा, म्हणजे विमान जमिनीवर चालवायचा सराव, दोन-तीन दिवस, ब्रेक तापले की थांबून, चाकाच्या पायाला हात लावून बघत.